पैशाला तारीख, सहीला नाही

जयपूरमध्ये टोंक रोड सोडून गोपालपुरा बायपासला लागलं की दोन्ही बाजूंना कोचिंग क्लासचे फलक सुरू होतात. त्रिवेणीनगर, रिद्धी सिद्धी चौक, गुर्जर की थडी असा हा भाग. मुख्य रस्त्यावर क्लास, मागच्या गल्ल्यांत विद्यार्थ्यांची पीजी आणि त्यांच्या अधेमधे राहती घरं. इथल्या अनेक वसाहती गृहनिर्माण सहकारी समित्यांनी शेतजमिनीचे तुकडे पाडून वसवलेल्या आहेत. त्यामुळे घर बघायला जाणारा माणूस खोल्या मोजण्याआधी विचारतो, पट्टा समितीचा की जेडीएचा? जेडीए म्हणजे 1982 साली स्थापन झालेलं जयपूर विकास प्राधिकरण. समितीचा पट्टा हा सभासदाला मिळालेला वाटपाचा कागद. जमीन नियमित होऊन प्राधिकरणाचा पट्टा हाती आला म्हणजे मालकी सरळ होते. राजस्थान भू-राजस्व अधिनियमाच्या 90-ब कलमाखाली, आणि ते कलम गेल्यावर 90-अ खाली, अशा वसाहती नियमित होत आल्या आहेत.

सौदा अडकतो तो इथेच. विकणारा म्हणतो, बयाना देऊन ठेवा, जेडीएचा पट्टा आला की रजिस्ट्री करू. इकरारनामा होतो, रक्कम जाते. पट्टा कधी येणार ते मात्र कागदावर कुठेच नसतं. दरम्यान खरेदीदाराच्या कर्जमंजुरीची मुदत संपत येते. देवशयनी एकादशी येते, मग देवउठनीपर्यंत थांबायचं. वरच्या मजल्यावर पीजीतली मुलं आहेत, त्यांची परीक्षा होऊ द्यायची.

पुण्या-नाशिकच्या वाचकाला यातलं काहीच परकं वाटणार नाही. पट्ट्याच्या जागी बहिणीची सही, जेडीएच्या जागी सिडको नाहीतर सोसायटी, देवशयनीच्या जागी पितृपंधरवडा. बाकी सगळं तेच: इसार दिलेला, भाडं चालू, आणि विकणारा फोनवर म्हणतोय, "तुमचेच आहोत हो, जरा दिवाळी होऊ द्या."

घरखरेदीत विकणाऱ्याकडून होणाऱ्या विलंबाबद्दल आपल्याकडे दोन टोकांचे सल्ले ऐकू येतात. एक, गोडीने घ्या. दोन, सरळ वकिलाची नोटीस पाठवा. दोन्ही सल्ले विलंब झाल्यानंतरचे आहेत. माझं म्हणणं असं की या विलंबाची सोय बहुतेक वेळा आपण स्वतः साठेखतातच करून ठेवलेली असते. आपल्या साठेखतांत खरेदीदाराच्या प्रत्येक हप्त्याला तारीख असते आणि विकणाऱ्याच्या एकाही कामाला नसते. पुढची सगळी दुखणी या एका असमतोलातून येतात, आणि कोर्टातही खरेदीदार हरतो तो पुष्कळदा याच्यामुळे.

आधी विकणारा थांबतो कशासाठी ते पाहायला हवं, कारण प्रत्येक कारणाचं औषध वेगळं आहे.

सगळ्यात अवघड आणि महाराष्ट्रात सगळ्यात जास्त भेटणारं कारण म्हणजे वारस. वडिलांच्या नावचं घर, वडील गेलेले, आई आणि दोन भाऊ व्यवहार करतायत, आणि "ताईंचं काही नाही, त्या सही देतील" असं सांगितलं जातं. ताई सासरी, दुसऱ्या जिल्ह्यात. तिला कुणी नीट विचारलेलं नसतं. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. वडील त्या दुरुस्तीच्या वेळी हयात नसले तरी हा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल तर मुलगी मुलाबरोबरीची वारस आहेच. म्हणजे ताईची सही हा उपचार नव्हे, तो तिचा हिस्सा आहे. ती अडवून धरते असं भाऊ म्हणतात, तेव्हा पुष्कळदा ती फक्त आपला वाटा मागत असते. खरेदीदाराने या भांडणात भावांची बाजू घेऊन थांबू नये. इसार देण्यापूर्वीच सगळे वारस साठेखतात लिहून देणार म्हणून आले पाहिजेत, आणि ताईचा पैसा ताईच्या खात्यात थेट गेला पाहिजे. पैसे थेट येणार हे कळल्यावर कित्येक अडलेल्या सह्या सुटतात. हक्कसोडपत्र नंतर करून आणतो, हे वाक्य मात्र ऐकून सोडून द्यावं. सह्या एकत्र मिळत नसतील तर सौदाच अजून पिकलेला नाही.

दुसरं कारण बँकेचा बोजा. घरावर कर्ज आहे, ते खरेदीदाराच्या पैशातून फेडायचं, मग बँक मूळ कागद देणार. पूर्वी हे मूळ कागद मिळवताना विकणाऱ्याचीही दमछाक व्हायची. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2023 मध्ये आदेश काढला की कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजा उतरवायचा, नाहीतर बँकेच्या चुकीने झालेल्या उशिराच्या प्रत्येक दिवसामागे 5,000 रुपये भरपाई द्यायची. 1 डिसेंबर 2023 पासून तो लागू आहे. त्यामुळे "बँकच कागद देत नाही" हे महिनोन्‌महिने चालणारं कारण आता पटण्यासारखं राहिलेलं नाही. ते सांगणाऱ्याला कर्ज फिटल्याचं पत्र आणि त्यावरची तारीख दाखवायला सांगावं.

तिसरं कारण करात दडलेलं असतं आणि विकणारा ते सहसा बोलून दाखवत नाही. घर घेऊन 24 महिने पुरे होण्याआधी विकलं तर नफा अल्पमुदतीचा धरला जातो, आणि मोठ्या उत्पन्नाच्या माणसाला कर चांगलाच जड पडतो. म्हणून 20 महिने झालेला विकणारा काही ना काही काढून चार महिने ढकलतो. दीर्घमुदतीच्या नफ्यावरची सूट हवी असेल तर विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरं घर विकत घ्यावं लागतं किंवा तीन वर्षांत बांधावं लागतं, म्हणून काही जण नवं घर ठरेपर्यंत खरेदीखत लांबवतात. या कारणात लबाडी नाही. फक्त ते आधी उघड व्हायला हवं, म्हणजे तारीख त्याप्रमाणे ठरवता येते. पहिल्याच भेटीत विकणाऱ्याला दोन गोष्टी विचाराव्यात: हे घर तुम्ही कधी घेतलंत, आणि इथून तुम्ही राहायला कुठे जाणार? दुसऱ्या प्रश्नाला ठाम उत्तर नसेल तर विलंब होणार हे धरून चालावं.

उरलं चौथं कारण: भाव वाढला, किंवा कुणीतरी जास्त देतो म्हणाला. इथे विकणाऱ्याला काहीच अडचण नसते, त्याला फक्त बाहेर पडायचं असतं. तो नाही म्हणत नाही, कारण नाही म्हटलं की करारभंग होतो. तो फोन उचलत नाही, तारीख देतो आणि येत नाही, कधी इसाराच्या रकमेत थोडी भर घालून परत घ्या म्हणतो. पहिल्या तिघांशी बोलून मार्ग निघतो. या चौथ्याशी गोडीने बोलण्यात वेळ फक्त खरेदीदाराचा जातो.

आता कायदा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882, त्याचं कलम 54. त्यात लिहिलंय की विक्रीचा करार झाला म्हणून त्या मिळकतीत खरेदीदाराचा कसलाही हक्क निर्माण होत नाही. इंग्लंडमध्ये असं नाही. तिथे सह्या केलेल्या करारप्रतींची अदलाबदल झाली की न्यायबुद्धीच्या दृष्टीने मिळकत खरेदीदाराकडे झुकते. आपला कायदा करणाऱ्यांनी इंग्रजी कायद्यातलं बरंच उचललं, पण हा नियम उचलला नाही. जर्मनीत तर करार होताच जमिनीच्या नोंदवहीत खरेदीदाराच्या नावाने एक पूर्वनोंद घालता येते. त्यानंतर मालकाने ते घर तिसऱ्याला विकलं तरी ती विक्री पहिल्या खरेदीदारापुढे टिकत नाही. इंग्लंडमध्ये ठरल्या दिवशी विकणारा आला नाही तर खरेदीदार पूर्ततेची नोटीस देतो, आणि तिथल्या प्रचलित करारशर्तींप्रमाणे कामाचे 10 दिवस मिळतात. ते संपले की करार मोडून अनामत परत मागता येते. आपल्याकडे साठेखताने हातात येतो तो केवळ एक वायदा, आणि तो पाळायला लावण्याचा हक्क.

त्यात आणखी एक गाठ आहे. स्थावर मिळकतीच्या विक्रीत वेळ हा कराराचा गाभा आहे असं न्यायालय आपोआप धरत नाही. चांद राणी विरुद्ध कमल राणी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी डिसेंबर 1992 मध्ये हे तत्त्व पुन्हा सांगितलं, आणि त्याच निकालात खरेदी करणारी चांद राणी हरली. करार होता ऑगस्ट 1971 चा. एकूण किंमत 1 लाख 78 हजार. इसार 30 हजार दिलेला, आणि 98 हजार दहा दिवसांत द्यायचे असं लिहिलेलं. ते दहा दिवसांत दिले गेले नाहीत. न्यायालय म्हणालं, या रकमेपुरता वेळ हा कराराचा गाभा होता. मदुराईच्या एका घराचा खटला 1997 मध्ये निकाली निघाला, के. एस. विद्यानाडम यांचा. डिसेंबर 1978 मध्ये 60 हजारांना घर ठरलं, 5 हजार आगाऊ, सहा महिन्यांची मुदत. खरेदीदार अडीच वर्षं गप्प राहिला आणि तोवर शहरातले भाव कुठच्या कुठे गेले. वेळ गाभा नसला तरी ठरलेली मुदत म्हणजे काहीच नाही असं नव्हे, असं सांगून न्यायालयाने त्याला घर नाकारलं. 2011 च्या सारदामणी कंदप्पन खटल्यात 1981 चा करार होता. खरेदीदार बाईंनी हप्ते थांबवले, कारण विकणाऱ्याने मूळ कागद दाखवले नाहीत असं त्यांचं म्हणणं. पण हप्ता कागद दाखवल्यावर द्यायचा असं करारात लिहिलेलंच नव्हतं. त्याही हरल्या. शहरी भाव इतक्या झपाट्याने वाढत असताना वेळेबद्दलच्या जुन्या तत्त्वाचा फेरविचार व्हायला हवा, असंही न्यायालयाने त्यात नोंदवलं.

या तिन्ही निकालांत करारापासून शेवटच्या निकालापर्यंत वीसेक ते तीस वर्षं गेली, आणि तिन्हींत खरेदीदाराच्या तारखा त्याच्याच अंगावर आल्या. म्हणून साठेखताचा मसुदा हीच खरी लढाईची जागा आहे, असं मला वाटतं.

मसुद्यात नेहमी सापडणारं एक वाक्य घ्या: "सर्व कागदपत्रांची पूर्तता झाल्यानंतर लिहून देणार हे लिहून घेणार यांना खरेदीखत करून देतील." वाचायला सज्जन वाक्य आहे. यात पूर्तता कुणी करायची ते नाही, कोणत्या कागदांची ते नाही, कधीपर्यंत तेही नाही. लिहून देणाऱ्याने सोसायटीकडे अर्जच केला नाही तर पूर्तता कधीच होणार नाही, आणि त्याने करारही मोडला असं म्हणता येणार नाही. उलट त्याच साठेखतात चार ओळी वर खरेदीदाराचा दुसरा हप्ता अमुक तारखेला "न चुकता" द्यायचा असतो. हे वाक्य खोडून तिथे असं लिहून घ्यावं: सोसायटीचं ना हरकत पत्र, भाग दाखला आणि बँकेचं बोजामुक्तीचं पत्र लिहून देणार यांनी अमुक तारखेपर्यंत स्वखर्चाने आणून द्यायचं, ते मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पुढचा हप्ता, आणि खरेदीखत जास्तीत जास्त अमुक तारखेला, ही तारीख कराराचा गाभा आहे. त्यापुढे प्रत्येक महिन्याला किती भरपाई ते आकड्यात लिहावं. ती रक्कम खरेदीदाराच्या भाड्याइतकी आणि कर्जाच्या व्याजाइतकी, म्हणजे समर्थन करता येईल अशी असावी. भरमसाट आकडा घातला तरी करार अधिनियमाच्या कलम 74 प्रमाणे न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देतं. गोपालपुऱ्याच्या सौद्यात हेच सूत्र पट्ट्याला लावायचं. जेडीएकडे अर्ज कुठल्या तारखेपर्यंत, त्याची पोच खरेदीदाराला, आणि पट्टा ठरल्या मुदतीत आला नाही तर बयाना व्याजासह परत घ्यायचा की मुदत वाढवायची, हे ठरवण्याचा अधिकार खरेदीदाराकडे.

दुसरी गोष्ट, साठेखत नोंदवावं. मुद्रांक शुल्काचा खर्च वाचवण्यासाठी नोटरीकडचा कागद करण्याची आपली सवय खरेदीदाराला महाग पडते. नोंदणी न झालेला करारही पूर्ततेच्या दाव्यात पुरावा म्हणून चालतो, हे खरं. पण विकणाऱ्याने घर तिसऱ्याला विकलं आणि त्या तिसऱ्याने "मला माहीत नव्हतं" म्हटलं, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम त्या प्रामाणिक, पैसे मोजलेल्या माणसाला संरक्षण देतो. साठेखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं असेल तर माहीत नव्हतं म्हणण्याची सोयच राहत नाही. सूची क्रमांक दोनमध्ये ते दिसतं. जर्मन पूर्वनोंदीच्या जवळ जाणारं आपल्याकडे एवढंच काय ते आहे, आणि ते वापरायचं नाही असं आपणच ठरवतो.

तिसरी गोष्ट खरेदीदाराची स्वतःची तयारी. पूर्ततेचा दावा करणाऱ्याला आपण सुरुवातीपासून अखेरपर्यंत व्यवहार पुरा करायला तयार आणि राजी होतो हे सिद्ध करावं लागतं. मनात तयार असून चालत नाही. बँकेचं मंजुरीपत्र, खात्यातली शिल्लक, ठरल्या दिवशी निबंधक कार्यालयात हजर होतो याचा पुरावा, हे सगळं जपावं लागतं. विलंब सुरू झाला की फोन थांबवून लेखी बोलावं. व्हॉट्सॲपवर तारीख मागावी, मिळालेलं उत्तर ठेवावं. मग स्पीड पोस्टाने नोटीस: अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक दुय्यम निबंधक कार्यालयात उरलेल्या रकमेसह हजर राहू, आपण यावं. त्या दिवशी खरोखर जावं. विकणारा आला तर प्रश्न मिटला. आला नाही तर कोण थांबलं आणि कोण थांबवत होतं, हे कागदावर आलं. एक काळजी मात्र घ्यावी. विकणारा "थोडी अडचण आहे, अजून दोन लाख द्या, काम पटकन होईल" म्हणतो, तेव्हा ठरल्याबाहेर एक रुपयाही देऊ नये. अडकलेली रक्कम जितकी वाढते तितकी त्याची घाई कमी होते.

एवढं करूनही तो हलत नसेल तर दावा. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात 1 ऑक्टोबर 2018 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने इथे मोठा फरक पडलाय. पूर्वी पूर्ततेचा हुकूम देणं न्यायाधीशाच्या मर्जीवर होतं. आता कायद्यातले ठरावीक अपवाद सोडले तर तो द्यायचाच आहे. हुकूम होऊनही विकणारा सही करत नसेल तर न्यायालय आपल्या अधिकाऱ्यामार्फत खरेदीखत करून देऊ शकतं. मुदत मात्र कडक आहे. करारात तारीख असेल तर त्या तारखेपासून तीन वर्षं. तारीख नसेल तर विकणाऱ्याने नकार दिल्याचं कळल्यापासून तीन वर्षं. "बघू, करू" म्हणणाऱ्याने नकार नक्की कधी दिला, यावरच मग वर्षानुवर्षं वाद चालतो. दाव्यात पूर्ततेबरोबर, पर्याय म्हणून, इसार व्याजासह परत मिळावा ही मागणीही घालायला विसरू नये. 2022 मध्ये देशराज विरुद्ध रोहताश सिंग खटल्यात ती मागितली नव्हती म्हणूनही खरेदीदाराच्या हाती काही लागलं नाही. आणि महाराष्ट्रात दावा दाखल झाल्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवावी, म्हणजे दावा चालू असताना घर परस्पर विकून तो निष्फळ करता येणार नाही.

ताब्याचा विलंब ही वेगळीच तऱ्हा. खरेदीखत झालं, पैसे गेले, आणि कुटुंब अजून घरातच. "मुलाची वार्षिक परीक्षा होईपर्यंत" म्हणून तोंडी मुदत दिली जाते. द्यायला हरकत नाही. पण शेवटच्या रकमेतला एक भाग ताब्यापर्यंत राखून ठेवायचं आधीच साठेखतात ठरवावं, आणि मुदत द्यायचीच तर लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार करावा. आता तो माणूस मालक म्हणून नव्हे तर परवानगीने राहतोय, हे लिहिलेलं असावं.

बिल्डरकडून घर घेणाऱ्याचं चित्र गेल्या काही वर्षांत बरंच बदललंय. रेरा कायद्याने दहा टक्क्यांहून जास्त रक्कम नोंदणीकृत कराराशिवाय घेता येत नाही, आणि ताब्याला उशीर झाला तर पैसे व्याजासह परत किंवा उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज, यातलं जे हवं ते खरेदीदार मागू शकतो. महारेरा 1 मे 2017 पासून हे काम करतंय. पुनर्विक्रीतला घरमालक मात्र या कायद्यात बसत नाही. हे मला मनापासून खटकतं. आयुष्यभराची बचत दोन्हीकडे सारखीच गुंतलेली, पण जुनं घर घेणारा तेवढा थेट दिवाणी न्यायालयाच्या दारात.

उपाय सापडणार नाही असं नाही, कारण महाराष्ट्राने एकदा तो शोधलाय. बिल्डर इमारत बांधून सदनिका विकायचे आणि जमिनीचं अभिहस्तांतरण सोसायटीला करून द्यायचे नाहीत. सदनिकांच्या मालकीबद्दलच्या मोफा कायद्याखालच्या नियमांत सोसायटी स्थापन झाल्यापासून चार महिन्यांची मुदत होती, ती कुणी पाळेना. विकणाऱ्याचा याहून लांबलेला विलंब आपल्या राज्याने क्वचितच पाहिला असेल. काही सोसायट्यांच्या दोन पिढ्या त्यात गेल्या. 2008 च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरण आणलं. बिल्डर सही करत नसेल तर जिल्हा उपनिबंधक सुनावणी घेतो, सहा महिन्यांच्या आत प्रमाणपत्र देतो, आणि त्याच्या जोरावर दस्त नोंदला जातो. सगळं सुरळीत चालतं असं नाही, पण सहीवाचून कायमचं अडून राहण्याची गोष्ट संपली. नोंदणीकृत साठेखत, पूर्ण रक्कम जमा केल्याचा पुरावा आणि उलटून गेलेली तारीख हातात असलेल्या साध्या खरेदीदारालाही अशाच एखाद्या अधिकाऱ्यापुढे सहा महिन्यांत निकाल मिळावा, अशी मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरायला हवी.

तोवर काही खरेदीदार कंटाळून बाहेर पडतात, आणि कित्येकदा तो निर्णय शहाणपणाचा असतो. भाव फार वाढलेला नसेल आणि वारसांचा गुंता सुटण्यासारखा नसेल, तर दहा वर्षांच्या दाव्यापेक्षा व्याजासह परत मिळालेला इसार बरा. नोंदवलेलं साठेखत मात्र नोंदणीकृत रद्दलेखानेच रद्द करायचं असतं, आणि घर दुसऱ्याला विकायला विकणाऱ्याला त्या रद्दलेखाची गरज असते. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याचा संदेश आल्याशिवाय त्यावर सही करू नये.